हुशार न्हाई

माझी लेक दहा वर्षांची होईपर्यंत तिच्याकडं दोनच विशेषणं होती. भारी आणि बेकार. आंबा भारी, कारलं बेकार. रविवार भारी, सोमवार बेकार. पाचवीत गुरुजींनी 'माझी आई' असा निबंध घातला तर हिनं लिहिलं, 'माझी आई लई भारी आहे. रागावली की बेकार आहे.' गुरुजींनी खाली लाल पेनानं 'छान' लिहिलं. छान म्हणे! मी तशीच तणतणत शाळेत जाणार होते, पण हातात ब्लाऊज होता आणि तो संध्याकाळी द्यायचा होता.

मी शिवणकाम करते. कर्नाटकातल्या रामनगरात बेळगाव-गोवा रस्त्याला लागून आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं मशीन, आणि रस्त्यापलीकडं नवऱ्याचं टायरचं दुकान. मी तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकते, नाहीतर गल्लीतलं कुणीतरी सांगणारच. माझं माहेर चंदगडकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं, त्यामुळं मराठी यावं तर आपल्यालाच, असा मला लग्नाच्या आधीपासून तोरा. घरात चौघंजण: मी, नवरा, लेक आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर गुंद गावाकडं, रानात. त्यांच्या बोलण्यात मराठी, कोकणी, कानडी तिन्ही असतात, आणि पुढचा शब्द कुठला येणार ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं.

तर लेक. ही पोरगी पळते. दुकानात डबा द्यायला पाठवली तर पळत, गिरणीला पाठवली तर पळत. सरळ चालत गेलेली मी तिला कधी बघितली नाही. पण रामनगरात पळायला जागा म्हणजे हा रस्ता, आणि रस्त्यावर ट्रक. शाळेच्या मागं एक माळ आहे, तिथं म्हशी. एकदा खेळांच्या स्पर्धेसाठी तिला घाटाखालच्या एका सरकारी निवासी शाळेत नेलं. परत आली ती डोळे एवढाले करून.

"आई, तिथं पळायला पांढऱ्या रेघा आखल्यात. मधी म्हस येत न्हाई. मला त्या शाळंत जायाचं."

मी म्हटलं, बघू. पोरांचं काय, आज एक उद्या एक. पण हिचं तसं नव्हतं. रोज उठून तेच. जेवताना तेच. त्या शाळेत सहावीला घेतात, पण आधी प्रवेश परीक्षा असते. त्यात गणित, आकृत्या, आणि भाषा. पळणं कुठंच नाही. जिला फक्त पळायचं होतं तिला आधी खुर्चीवर बसून 'विशाल'ला दुसरा शब्द सांगायला लागणार होता. सरकारचं सगळं असंच.

गणित नवऱ्यानं घेतलं. भाषा माझ्या गळ्यात पडली, म्हणजे मीच ओढून घेतली. बेळगावहून गाईड आणलं. त्यात 'विशेषणांचे समानार्थी शब्द' अशी पानंच्या पानं. पहिल्या संध्याकाळी मशीनशेजारच्या स्टुलावर तिला बसवली आणि सुरू केलं.

"सुंदर?"

"भारी."

"भव्य?"

"लई भारी."

"क्षुद्र?"

"बेकार."

आता यात चूक म्हणावी तर तशी चूक नव्हती. म्हणूनच माझा पारा चढला. गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली आणि घराला नियम घातला. आजपासून या घरात 'भारी' आणि 'बेकार' बंद. तोंडातून निघाला की त्याच अर्थाचे तीन शब्द सांगायचे, तोवर ताटात पुढची वाढ नाही. लेकीला एकटीलाच नाही, सगळ्यांना.

पहिला बळी नवरा. बिचारा दिवसभर ट्रकची चाकं काढून-घालून आलेला, भूक मरणाची. पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आमटी भारी झाल्या."

माझी पळी हवेतच थांबली. लेक खूश. "पप्पा, तीन!"

"चवदार," तो म्हणाला. मग बराच वेळ आढ्याकडं बघून, "रुचकर." मग घाम पुसून, "आणि... भव्य."

"भव्य आमटी?"

"अगं, वाढ की आता. पोट विशाल मोकळं हाय."

सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी पळवाट काढली. भात कसा झालाय विचारलं की त्या म्हणायच्या, "छलो." छलो म्हणजे कानडीत छान. मी म्हटलं, "आत्या, हे चालायचं न्हाई." आमच्यात सासूला आत्या म्हणतात. तर म्हणाल्या, "तुझा नेम मराठीला. कानडीला न्हाई. वाढ गप." आणि नातीकडं बघून डोळा मिचकावला. या वयात डोळा मिचकावतात! पण वाढावं लागलं.

हळूहळू पोरीच्या डोक्यात शब्द भरायला लागले. भरायला लागले म्हणजे नुसतेच भरले. कुठला कुठं काढायचा याचा पत्ता नाही. माझा भाऊ चंदगडहून आला होता, जरा अंगानं सुटलेला. ही त्याच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामा, तू विपुल झालास." तो इतका खूश झाला की तिला वीस रुपये दिले. घरी जाऊन बायकोला अर्थ विचारला, आणि मग माझ्याशी आठवडाभर फोनवर तुटक बोलत होता.

मग एक बाई ब्लाऊजच्या मापाला आल्या. चांगल्या गिऱ्हाईक, वर्षाला डझनभर ब्लाऊज शिवणाऱ्या. मी छातीचं माप घेत होते आणि त्या लाडानं स्टुलावरच्या लेकीला म्हणाल्या, "काय गं, बारीक झाले न्हवं मी?" लेकीनं त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. अभ्यासच करत होती ती. म्हणाली, "न्हाई काकू. प्रशस्त हाय तुम्ही."

कापड काखेत मारून गेल्या. मी लेकीवर ओरडले, तर ही मलाच विचारते, "मग काय म्हणू? लई मोठ्या म्हटलं असतं तर चाललं असतं?"

सगळ्यात कहर झाला तो शाळेत. गुरुजींची निवृत्ती जवळ आलेली. घरात कुणाचं तरी लग्न होतं म्हणून केसांना काळा रंग लावून आले. पोरं खुसखुस करायला लागली. गुरुजींनी विचारलं, काय झालं रे? माझी लेक उभी राहिली आणि अगदी मायेनं म्हणाली, "गुरुजी, आज तुम्ही जुने दिसत न्हाई. प्राचीन न्हाई, पुरातन न्हाई, जीर्ण तर अजिबात न्हाई."

मला बोलावणं आलं. गुरुजी भले माणूस. चेहरा पाडून बसले होते, पण आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, 'जीर्ण' माणसाला वापरत न्हाईत. कापडाला, इमारतीला वापरतात. तेवढं सांगा तिला." मी मान खाली घालून हसू दाबत होते. त्यांना वाटलं मी रडतेय. म्हणाले, "असू दे, असू दे. शब्द पाठ झालेत, ही चांगली गोष्ट हाय." बाहेर येऊन मी पिंपळाच्या कट्ट्यावर बसून पोटभर हसले, आणि मग घरी जाऊन पोरीला झाडली.

असं करत करत एके दिवशी 'हुशार' हा शब्द आला. या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, ते सांगायलाच हवं.

लग्न होऊन या घरात आले आणि लगेच तापानं पडले. नवी नवरी बघायला शेजारच्या बायका आल्या. मी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेली, आणि बाहेर सासूबाई सांगत होत्या, "सून हुशार न्हाई हो." माझे कान टवकारले. एक बाई म्हणाली, "अगं आई! लग्नाआदी हुशार हुती न्हवं?" सासूबाई म्हणाल्या, "तवा चांगली हुशार हुती. हितं आल्यावरच झालं बघा." दुसरी म्हणाली, "मग डाक्टरला दाखवा की." त्यावर तिसरी, "दाखवून काय उपेग? आमच्या जावंला वरसातनं तीनदा असं हुतंय. आपोआप हुशार हुती परत."

मी बारावी पहिल्या वर्गात पास झालेली! माझी सासू चार बायकांत मला मठ्ठ म्हणते, आणि मठ्ठपणावर डॉक्टर सुचवतात! मी उशीत तोंड खुपसून रडले. भावाला फोन लावला, की आत्ताच्या आत्ता ये आणि मला घेऊन जा. तो गाडी काढून निघालासुद्धा. शेवटी नवऱ्यानं समजावलं. कानडीत 'हुशार' म्हणजे तब्येतीनं ठणठणीत, आणि 'हुशार न्हाई' म्हणजे आजारी. आमच्या भागात मराठी बोलतानाही माणसं तसंच म्हणतात. भाऊ तोवर अर्ध्या वाटेवर आलेला. आलाच आहे तर जेवून गेला.

म्हणून गाईडात 'हुशार' आला तेव्हा मी लेकीला दहादा बजावलं. "हे बघ. अज्जी म्हणती तो हुशार वेगळा. परीक्षेतला हुशार म्हणजे चतुर, चाणाक्ष, बुद्धिमान. काय?"

"चतुर, चाणाक्ष, बुद्धिमान."

"आणि ताप आला तर?"

"ताप आला तर हुशार न्हाई."

"ते घरात! परीक्षेत न्हाई!"

"परीक्षेत ताप आला तर?" ती म्हणाली.

मी म्हटलं, शुभ बोल गं बाई. पण तोंडातून निघायचं ते निघून गेलं होतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी उठवायला गेले तर पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं.

काय करावं? नवरा म्हणाला, राहू दे. मी म्हणाले, राहू दे काय राहू दे, एवढे दिवस त्या पोरीनं घासलंय. लेक तर उठून कपडे घालायला लागली. डोळे लाल, पाय लटपटत, पण तोंडानं एकच, "मी जाणार." तापाची गोळी दिली. नवऱ्यानं मित्राची जीप आणली. सासूबाईंनी थर्मासमध्ये आल्याचा काढा भरला आणि न सांगताच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही कशाला?" तर म्हणाल्या, "पोर हुशार न्हाई, आन् मी घरात बसू?"

परीक्षा तालुक्याला, जोयड्याला होती. शाळेच्या फाटकात ही गर्दी. सासूबाई दिसेल त्याला धरून सांगायला लागल्या. शिपायाला, मास्तरला, दुसऱ्यांच्या आयांना. "आमची पोर हुशार न्हाई हो आज. जरा बघा तिच्याकडं." जोयड्याच्या माणसांना अर्थ सांगायची गरजच नव्हती, कुणी म्हणालं, पंख्याखाली बसवा, कुणी म्हणालं, पंख्याखाली नको. पण तिथं एक बाई होत्या, नवऱ्याच्या बदलीमुळं नुकत्याच पुण्याकडून आलेल्या. इस्त्रीची साडी, मुलाच्या हातात पाण्याची महागडी बाटली. त्यांनी सासूबाईंना बाजूला घेतलं.

"आजी, रागावू नका, पण मुलांसमोर असं बोलू नये. त्यांचा आत्मविश्वास जातो."

सासूबाई चक्रावल्या. "खरं हाय ते सांगू नको?"

"प्रत्येक मूल हुशार असतं, आजी."

"सगळी कशी असतील? थंडीचे दिस हाईत."

बाई गोंधळल्या, पण हटल्या नाहीत. "आणि परीक्षेच्या आधीच तुम्ही कसं ठरवलंत, ती हुशार नाही ते?"

"कसं म्हंजे? कपाळाला हात लावून बघितलं की!"

"कपाळावरून हुशारी कळते का, आजी?"

"मग कुठनं कळती? तुमच्याकडं काय काखेतनं बघतात?"

मी मध्ये पडले नसते तर दोघींची मारामारी झाली असती. दोघींच्या मध्ये माझी लेक, इकडून तिकडं बघत, काढ्याचा घोट घेत. घंटा झाली. ती आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला चालत जाताना बघितलं.

बाहेर आली तेव्हा ताप उतरलेला, केस घामानं चिकटलेले. मी धावत गेले. "कसा गेला? काय विचारलं विशेषणांत?"

"हुशार विचारलं हुतं."

"अगं बाई! मग?"

"चार पर्याय हुते. चतुर, निरोगी, भित्रा, उदार."

"आणि तू?"

"निरोगीचा गोल काळा केला."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण शाळेच्या आवारातली माणसं मागं वळून बघत होती एवढं आठवतं. किती वेळा सांगितलं होतं! चतुर, चाणाक्ष, बुद्धिमान! लेक कळवळून म्हणाली, "मला चतुर येत हुतं गं आई. खरं सकाळपासनं सगळी तेच म्हणालीत. हुशार न्हाई, हुशार न्हाई. पेपरात हुशार बघितलं आन् मला वाटलं, हे माझंच विचारलंय."

"बरोबर लिवलंय की पोरीनं!" सासूबाई म्हणाल्या. "निरोगी म्हंजे हुशारच. आनि काय असतंय?"

झालं. जीपमध्ये मी आणि सासूबाई जुंपलो. सुप्याचं धरण मागं पडलं तरी आमचं चालूच. मी म्हटलं, तुमच्या एका शब्दानं माझ्या पोरीचं वर्ष गेलं. त्या म्हणाल्या, माझा शब्द तुझ्या गाईडापेक्षा जुना हाय. जुना! मी म्हटलं, जुना न्हाई, जीर्ण! नवरा समोर बघून गाडी चालवत होता. लेक मागं झोपली होती. त्या दिवसापासून आमचा अबोला. घरात बोलायचं तर लेकीमार्फत. "अज्जीला सांग, चहा घ्या म्हणून." "आईला सांग, साखर कमी हाय."

मी साऱ्या गल्लीत सांगून टाकलं, की आमच्या पोरीचं काही व्हायचं नाही, 'हुशार'नं घात केला. ब्लाऊजला येणाऱ्या प्रत्येक बाईला ही कथा ऐकायला लागली. प्रशस्त बाई परत आल्या होत्या, त्यांनाही सांगितली. लेक मात्र रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "लागला काय निकाल?" मी म्हणायचे, "सोड गं तो नाद." ती माळावर जाऊन म्हशींमधून पळून यायची.

आता जे सांगते ते मी तेव्हा कुणाला बोलले नाही. मी सुखात होते. वरवर नुसती आदळआपट, पण आतून लोण्यासारखी मऊ. पोर जाणार नाही, इथंच राहणार, हे मनात पक्कं झालं होतं ना. उगाचच तिला घावन करून घालत होते. रविवारी तिच्या डोक्याला तेल लावायला बसले की उठावंसं वाटत नव्हतं. पुढच्या दिवाळीला तिला कुठल्या रंगाचा घागरा शिवायचा ते मी ठरवून टाकलं होतं. तिला तिथं जायचं होतं, जिवाच्या आकांतानं जायचं होतं, हे मला रोज दिसत होतं. तरी मला बरं वाटत होतं. आईचं मन म्हणे थोर असतं. असेल कुणाचं.

मग एके दुपारी मी मशीनवर होते आणि नवरा रस्त्यापलीकडं दुकानाच्या दारात मोबाईल हलवत उड्या मारायला लागला. काहीतरी ओरडत होता. मध्ये ट्रक. ट्रक गेला तर बस. मला एवढंच ऐकू आलं, "लागलाऽऽ!"

जॅक निसटला, चाक पायावर पडलं, हेच डोळ्यासमोर आलं. हळदीचा डबा घेऊन तशीच अनवाणी पळाले. "कुठं लागलं? कुठं लागलं तुम्हाला?"

"मला न्हाई गं! तिचा नंबर लागला! यादीत नाव हाय!"

मी भर रस्त्याच्या कडेला हळदीचा डबा धरून उभी. नवरा हसत होता, शेजारचा चहावाला हसत होता. मीही हसले. हसावंच लागतं. लेकीला शाळेत कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती येतानाच ओरडत आली आणि घराला तीन फेऱ्या मारून मगच आत शिरली. सासूबाईंनी आधी देवापुढं गूळ ठेवला आणि मग अबोला मोडून थेट मला म्हणाल्या, "बघ. निरोगीच बरोबर हुतं."

बरोबर होतं की नाही ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाकीचा पेपर तिनं चांगला सोडवला असणार. तापात. एकटीनं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "शाब्बास." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"आई, तुला आनंद न्हाई झाला?"

"झाला की. न्हाई कसा होईल?" आणि मग मला इतका राग आला, कुणाचा ते माहीत नाही, की मी नवऱ्यावर ओरडले, पेढे आणायचं कळत न्हाई काय, सगळं मीच सांगायचं काय या घरात.

शाळेचा गणवेश मी शिवला. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट. बाजारात तयार मिळत होता, पण माझ्या पोरीनं तयार कपडा घालून जावं? दुहेरी शिलाई घातली. खालची दुमड अशी पक्की घातली की कापड फाटेल पण शिलाई उसवणार नाही. जूनमध्ये तिला सोडायला गेलो. ती ट्रंक आमच्या हातात देऊन आधी मैदान बघायला गेली, आणि आम्ही निघेपर्यंत तिचं निम्मं लक्ष तिकडंच होतं. सासूबाई घाटभर रडल्या. मी त्यांना म्हटलं, आत्या, पुरे आता. मी स्वतः रडले नाही. घरी येऊन दोन ब्लाऊज उलटे शिवले, एवढंच.

पहिल्यांदा भेटायला सोडलं तो श्रावणातला रविवार होता. आम्ही डबे घेऊन गेलो. व्हरांड्यात आयांची रांग आणि मैदानाकडून पोरींचा घोळका पळत आला. माझी सगळ्यात पुढं. उन्हानं रापली होती, उंच वाटत होती. आली ती गळ्यात पडली, आणि मग आधी डबा उघडला.

ती खात होती आणि माझी नजर गेली स्कर्टवर. खालची दुमड एका बाजूनं वेगळीच दिसत होती. निळ्या कापडावर काळा दोरा. टाके मोठे, एक वर, एक खाली, मध्ये कापड गोळा झालेलं.

"हे गं काय?"

"पळताना पाय अडकला आन् उसवलं," ती घास चावत म्हणाली. "शेजारच्या कॉटवरच्या पोरीकडं काळा दोरा हुता. मग मीच घातली शिलाई. पयली दोनदा सुटली. आता न्हाई सुटत, बघ." आणि तिनं दुमड दोन्ही हातांनी ताणून दाखवली. खरंच सुटली नाही.

मी अशी शिलाई माझ्या मशीनजवळ येऊ देत नाही. कुणी दुसरीकडून असं शिवून आणलं तर मी त्या बाईसमोर टराटरा उसवते आणि पहिल्यापासून घालते. माझ्या पिशवीत कात्री होती, सुई होती. त्याच निळ्या रंगाचं रीळसुद्धा होतं, मी मुद्दाम घेऊन गेले होते. सासूबाईंना ते ठाऊक होतं. त्या माझ्या पिशवीकडं बघत होत्या.

"वाकडी झाल्या व्हय?" लेकीनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "जेव तू."

मी पिशवीतून काही काढलं नाही.